एकशे पंच्याण्णव दिवस

शुभ्राने पेन्सिलीचं टोक मार्चच्या शेवटच्या तारखेवर टेकवलं आणि पुन्हा एकदा बेरीज केली. सप्टेंबरचे तेरा, ऑक्टोबरचे एकतीस, मग तीस, एकतीस, एकतीस, अठ्ठावीस, एकतीस. एकशे पंच्याण्णव. तीनदा मोजून झालं होतं, आकडा हलत नव्हता.

तिचा नवरा वेदांग एवढे दिवस पुण्यात अडकून होता, आणि हे फक्त मार्चअखेरपर्यंतचे. आता जुलै सरत आला होता. पण भारतातल्या आयकर खात्याला त्या आर्थिक वर्षापुरतंच देणंघेणं होतं. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस तिथे काढले, की माणूस तिथला रहिवासी. मग दुबईतली खाती, इथलं जे काही असेल ते, सगळं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. तेरा दिवस जास्त झाले होते.

कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं यायचं, म्हणून दोघांची रिटर्न्स भरावी लागत, आणि लग्न झाल्यापासून ती शुभ्राच भरत आली होती. वेदांगला फॉर्म पाहिला की झोप यायची. असं तो स्वतःच चारचौघांत हसत सांगायचा.

या वेळी तिने रिटर्नच्या आधी एक पत्र लिहून काढलं होतं. पुण्याच्या सीए छाया मॅडमना ते पाठवायचं होतं. ‘माझे पती स्वेच्छेने नव्हे, तर पासपोर्टचं नूतनीकरण रखडल्यामुळे भारतात राहिले आहेत. अशा परिस्थितीत अडकलेल्या व्यक्तीला दिवसांच्या हिशेबात काही सवलत मिळते का?’ ‘स्वेच्छेने नव्हे’च्या खाली तिने रेघही मारली होती.

वेदांग गेला होता वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी, पंधरा दिवसांच्या बोलीवर. पासपोर्टची मुदत संपत आली होती, म्हणून तिथेच नूतनीकरणाला टाकला. मग पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये पत्त्याची काहीतरी गडबड झाली आणि फाइल अडकली ती अडकलीच. सहा महिने देशाबाहेर राहिलं की इथला व्हिसा आपोआप रद्द होतो, तसा तो मार्चमध्ये झाला. जेबेल अलीतली त्याची कंपनी बंद पडल्यापासून वेदांग शुभ्राच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे तिच्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या व्हिसावर होता, त्यामुळे त्याला पुन्हा आत आणण्याची परवानगी मागायलाही तीच जायची. अल मनखूलमधल्या त्यांच्या घरापासून व्हिसाचे अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर दहा मिनिटांवर होतं. काउंटरवरचा मल्याळी गृहस्थ आता तिला चेहऱ्याने ओळखायचा.

“सिस्टर, कारण का प्रूफ लाया?”

प्रूफ कधीच नसायचं. पासपोर्ट ऑफिस पत्र देत नाही, असं वेदांग सांगायचा. तरीही ती तीन वेळा अर्ज करून आली होती, आणि तिन्ही वेळा अर्ज नामंजूर होऊन परत आला होता.

शुक्रवारची दुपार होती. ऑफिस बाराला सुटलं होतं. त्यांची मुलगी ईशानी खाली पूलवर गेली होती. शुभ्राने पत्र बाजूला सरकवलं, आयकर खात्याच्या साइटवर वेदांगच्या नावाने लॉगिन केलं आणि वार्षिक माहितीचं पान उघडलं. वर्षभरात माणसाबद्दल सरकारला जे जे कळलेलं असतं, ते सगळं या पानावर ओळीने येतं. दरवर्षी वेदांगच्या पानावर दोनच गोष्टी असायच्या, भाडं आणि बँकेचं व्याज.

या वेळी सगळ्यात वर ‘पगार’ असं होतं.

तिला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची नोंद आली आहे. होतं असं कधी कधी. तिने ओळीवर क्लिक केलं. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीचं नाव होतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. दर महिन्याला कर कापलेला.

तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग मनातल्या मनात त्याची बाजू मांडायला लागली. अडकलाय म्हटल्यावर करणार काय बिचारा? दीड वर्ष घरी बसून काढलेलं. मिळाली असेल ओळखीने नोकरी, घेतली असेल वेळ जावा म्हणून, आणि मला सांगायला संकोच वाटला असेल. तिला जवळजवळ पटत आलं होतं. ऑनलाइन बोलताना तो इतका ताजातवाना का दिसायचा, दाढी रोज केलेली का असायची, याचंही उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

पान तिने सवयीने खाली सरकवलं. भाडं होतं. व्याज होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. परकीय चलनाची खरेदी, फेब्रुवारी.

प्रवासासाठी परकीय चलन घेताना काय दाखवावं लागतं, हे ट्रॅव्हल कंपनीत दहा वर्षं काढलेल्या शुभ्राला कुणी सांगायला नको होतं.

तिने बॉटिम ॲपवरून फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला. मागे चारपाच माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

“हं, बोल. झालं का रिटर्न?”

“भरतेय. चाकणची कंपनी दिसतेय.”

मागचे आवाज हळूहळू कमी झाले. तो चालत कुठेतरी बाजूला जात असावा. दार लागल्याचा आवाज आला.

“सांगणार होतो तुला.”

“नोव्हेंबरपासून?”

“हो.”

“आणि फेब्रुवारीत फॉरेन करन्सी घेतलीस.”

“कंपनीने पाठवलं होतं. म्युनिकला. ट्रेनिंग होतं पाच दिवसांचं.”

“कुठल्या पासपोर्टवर गेलास?”

खालून पूलवरच्या मुलांचा कल्ला वर येत होता.

“डिसेंबरात आला होता पासपोर्ट,” तो म्हणाला.

शुभ्राने समोरचं पत्र उपडं केलं. डिसेंबरात आला. म्हणजे सहा महिने भरायला तेव्हा तीन महिने बाकी होते. पुढचा प्रश्न तिने का विचारला, हे तिलाही कळलं नाही. कदाचित धंद्याची सवय असेल. मुंबई ते म्युनिक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर विमानं आपोआप उभी राहिली.

“फ्लाइट कुठून होती?”

“शुभ्रा, आता त्याचं काय...”

“कुठून होती, वेदांग?”

“जाताना डायरेक्ट होती.”

“येताना?”

“दुबईवरून.”

“किती तासांचा थांबा होता?”

“सहा.”

विमानतळावरून अल मनखूल, ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटं. त्याचा व्हिसा तेव्हा चालू होता. शिक्का मारून सरळ बाहेर यायचं, टॅक्सीत बसायचं, एवढंच होतं. त्याच फेब्रुवारीत अर्धा दिवस सुटी काढून ती पहिल्यांदा टायपिंग सेंटरला गेली होती, नवऱ्याचे सहा महिने उलटले तर काय करायचं, हे आधीच विचारून ठेवायला.

“सहा तास काय केलंस?”

“बसून होतो गेटपाशी.” त्याचा आवाज खाली गेला. “बाहेर आलो असतो तर मग परत जाणं झालं नसतं. ईशानीला पाहिल्यावर तर नाहीच. आणि मला पुण्याला परत यायचं होतं, शुभ्रा. इथे लोक मला माझ्या कामाने ओळखतात. तिथे प्रत्येक काउंटरवर ‘स्पॉन्सर कोण?’ म्हटलं की मी मागे वळून तुझ्याकडे बघायचो. तू कधी काही बोलली नाहीस, ते खरंय. पण मला नाही जमलं.”

“हे बोलायचंस. भांडलो असतो. मी नोकरी सोडली असती, नसती सोडली, काहीतरी झालं असतं.”

“तुझ्यासमोर मला बोलता येत नाही.”

“म्हणून मला तीन वेळा त्या काउंटरवर जाऊ दिलंस? फक्त हात जोडायचे बाकी ठेवले होते मी.”

“मला वाटलं, नकार आला की तूच हळूहळू सोडून देशील. नाहीतर रिटर्न भरताना तुला दिसणारच होतं. म्हणून तर रविवारी मी स्वतः तुला रिटर्नची आठवण करून दिली. तुला कळावं असं मलाही वाटत होतं, खरंच.”

शुभ्रा स्क्रीनकडे बघत राहिली. पानावरची अक्षरं जागच्या जागी होती. आपण त्याला पकडलं, असं तिला इतका वेळ वाटत होतं. तसं काही झालंच नव्हतं. तोंडाने जे सांगता येत नव्हतं, ते त्याने सरकारी पानावर येऊ दिलं होतं आणि वाचायचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे दिलं होतं. इतर फॉर्म द्यायचा तसंच.

“ओटीपी पाठवू का?” त्याने विचारलं. “म्हणजे, ते तरी पूर्ण होईल.”

“नको. तुझं तू भर.”

तिने लॉग आउट केलं. लॅपटॉप मिटत होती तेवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज आला. अकरा वर्षांची ईशानी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आत आली. फरशीवर पाण्याचे थेंब पडत होते.

“आई, इज दॅट बाबा? आस्क हिम ना, विल ही बी हिअर बिफोर स्कूल स्टार्ट्स?”

दहा महिने या प्रश्नाचं उत्तर शुभ्राच्या तोंडात तयार असायचं. येईल गं, पासपोर्ट येऊ दे, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. ईशानीच्या मैत्रिणींना, शाळेतल्या टीचरला, खालच्या वॉचमनलाही तिने तेच सांगितलं होतं. आताही ओठ उघडले होते. तिने ते मिटून घेतले.

“तूच विचार त्याला,” ती म्हणाली.

फोनमधून वेदांगचा दबका आवाज आला. “शुभ्रा, नको. आत्ता नको, प्लीज. तू सांग ना तिला हळूहळू. तुला जमतं.”

“नाही जमत,” शुभ्रा म्हणाली आणि फोन मुलीच्या हातात दिला.

ईशानी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. ओल्या कपड्यांनी बसू नकोस, असं एरवी शुभ्रा म्हणाली असती. ती मुलीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती. आत धावत जाऊन दार लावून घ्यावं, असं फार वाटत होतं, पण ती हलली नाही. या वेळी त्याच्या मदतीला एक शब्दही बोलायचा नव्हता.

“हाय बाबा! व्हेन आर यू कमिंग?”

ईशानी ऐकत राहिली. थोड्या वेळाने तिने फोन कानापासून काढला, एकदा हलवला आणि आईकडे पाहिलं.

“आय कान्ट हिअर हिम. आय थिंक द कॉल ड्रॉप्ड.”

शुभ्राने वाकून बघितलं. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते.

“चालू आहे फोन,” ती म्हणाली. “थांब. बोलेल तो.”