पाण्यावरून चाकं

माझी मुलगी टेकला विमानाची चाकं नदीच्या पाण्यावरून पळवते, हे माझ्याखेरीज साऱ्या गावाला माहीत होतं. मला ते जुलैत कळलं, दुकानात. दुकानदारीण पीठ मोजता मोजता म्हणाली, "साव्वा, तुझी पोरगी काल काय सुरेख उतरली. पाण्याला शिवली न शिवली." मी पीठ तिथेच ठेवून घरी आलो.

आमच्याकडे रस्ते नाहीत. नदी आहे आणि विमानं आहेत. टेकलाचं विमान दोन माणसांचं, हलकं, भल्यामोठ्या मऊ टायरांचं. चपटा दगड फेकून पोरं पाण्यावर भाकऱ्या काढतात, तशी ही चाकं पाण्यावरून घसरत नेता येतात. मग तसंच काठावरच्या गोट्यांवर चढायचं. गोट्यांचा पट्टा कितीही तोकडा असला तरी उतरता येतं. वेग मात्र धरून ठेवावा लागतो. तो कमी झाला की चाकं बुडतात आणि विमान नाकावर उलटं होतं.

मी स्वतः हे एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत करत होतो. मग गावच्या जत्रेत हीच कसरत दाखवताना माझा मित्र येफिम माझ्यासमोर उलटा झाला. पाणी मांडीएवढंच होतं. पण तो आसनाच्या पट्ट्यांत अडकून डोकं खाली लटकला होता. आम्ही धावत पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर मी पाण्याला चाक लावलं नाही.

टेकला अंगणात जाळं दुरुस्त करत होती.

"किती वेळा केलंस?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. "दोनशे बारा."

"मोजतेस?"

"दर वेळी लिहून ठेवते. वारा किती, वेग किती, पाणी कसं. सात वेळा मनासारखं वाटलं नाही, तर सोडून वर गेले."

"येफिमही कच्चा नव्हता."

"येफिमकाका कच्चे नव्हते. वारा पाठीमागून होता आणि लोक बघत होते, म्हणून गेले. तूच सांगितलंयस मला, बाबा."

सांगितलं होतं खरं. "यंदाच्या जत्रेत तू हे करणार नाहीस," मी म्हणालो.

"बघू."

त्यानंतर तीन आठवडे आमच्यात मीठ दे, दार लाव, इतकंच बोलणं झालं.

ऑगस्टच्या मध्यावर डोंगरात पाऊस लागला होता. एका सकाळी वसिलीचा निरोप आला. वसिली माझा लहानपणापासूनचा दोस्त. नदीच्या वरच्या अंगाला, चाळीस मैलांवर, तो एकटाच मासे वाळवायला गेला होता. नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यावर सरपण ओढताना ओंडका पायावर घरंगळला. गुडघ्याखाली हाड मोडलं. होडी वाहून गेली. हे सारं आम्हाला मागाहून कळलं. उपग्रहावरून निरोप धाडणाऱ्या खिशातल्या यंत्रावरून त्यानं चारच शब्द पाठवले होते: "पाय गेला. पाणी चढतंय."

बचावाचं हेलिकॉप्टर खिंडीपलीकडे ढगांत अडकलं होतं. संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही, असं बचाव पथकवाले म्हणाले. होडीनं सात तास, तेही पुरात वाहून येणारे ओंडके चुकवत.

मी टेकलाकडे बघितलं. ती आधीच विमानातून सामान बाहेर काढत होती. हत्यारांची पेटी काढली, तंबू काढला, टाकीतलं इंधनसुद्धा जाऊन येऊन थोडं उरेल इतकंच ठेवलं.

"मी जातो," मी म्हणालो.

"तू बावीस-तेवीस वर्षांत एकदा तरी पाण्यावर चाक टेकवलंयस?"

तिनं माझ्या मोठ्या विमानाकडे हात केला.

"तू मोठं विमान घेऊन वर फिर. वरून तुला लांबचं दिसेल. मला तसं बघणारं कोणीतरी हवं."

तासाभरात आम्ही वसिलीच्या डोक्यावर होतो. खाली पट्टा दिसला. जेमतेम पावणेतीनशे फूट कोरडे गोटे. पलीकडच्या टोकाला कमरेएवढी झुडपं, त्यामागे थोडी उंच जागा. अलीकडे गढूळ पाणी. मधोमध लाल जाकीट घातलेला वसिली, हात हलवत होता.

टेकला एकदा वरून गेली. दुसऱ्यांदा खाली आली. तिसऱ्यांदा पाण्याला चाक लावलं आणि लगेच उचललं.

"काय झालं?" मी रेडिओवर विचारलं.

"काही नाही. तळ चाचपला. पाण्याखाली ओंडका नाहीये."

चौथ्यांदा ती आली. चाकं पाण्याला लागली, दोन पांढऱ्या रेघा उमटल्या, रेघा सरळ पट्ट्याला भिडल्या आणि विमान गोट्यांवर खडखडत चढलं. झुडपांच्या बरंच अलीकडे थांबलं. मी मोठ्यानं काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

तिनं वसिलीच्या पायाला दोन फळकुटं बांधली आणि त्याला मागच्या जागेत कसाबसा चढवला. वसिली आडव्या बांध्याचा माणूस आहे. मग विमान ढकलत मागे नेलं, शेपूट पाण्यावर येईपर्यंत. आता निघेल असं मला वाटलं. ती मात्र हातातला रेडिओ घेऊन चाकाला पाठ टेकून बसली.

"टेकला, निघ."

"समोरून वारा नाही, बाबा. हे वजन घेऊन झुडपांवरून जाणार नाही."

"पाणी चढतंय."

"दिसतंय मला. उतरल्या उतरल्या काठावर तीन दगड मांडलेत. वीस मिनिटांत एक दगड बुडाला. अजून दोन आहेत."

"आणि वारा आलाच नाही तर?"

"तर वसिलीकाकांना ओढत झुडपांमागच्या उंच जागेवर नेईन. विमान गेलं तर गेलं."

त्या विमानासाठी तिनं सहा उन्हाळे मासेमारीच्या होड्यांवर राबून काढले होते. ते सोडायची तयारी तिनं उतरायच्या आधीच केली होती, हे तिच्या आवाजावरून कळलं.

दुसरा दगड बुडाला. मला राहवेना. "अगं, इंजिन पूर्ण जोरात लाव आणि काढ. जमेल तुला."

विमानातल्या रेडिओवरून वसिलीचा आवाज आला. "साव्वा, पोरीचं डोकं खाऊ नकोस. आधीच माझा पाय ठणकतोय, त्यात वरून तू."

मी बटण सोडलं. जत्रेत काठावरून ओरडणारे लोक मला आठवले. त्या दिवशी मीही त्यांच्यात होतो. "हो, येफिम, चल" असं मीही ओरडलो होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग मी मला नेमून दिलेलं काम केलं. नदीच्या खालच्या अंगाला बघत राहिलो. दुपारी त्या खोऱ्यातून वारा वर चढतो, बहुतेक दिवशी तरी. पाणी काचेसारखं होतं. तिसऱ्या दगडाला लाट शिवायला लागली, आणि दूरच्या वळणावर पाणी काळं पडलं, सुरकुतलं.

"वळणावर वारा आहे," मी म्हणालो. "तुझ्याकडेच येतोय. दोनेक मिनिटं."

"बरं." ती आत बसली. इंजिन सुरू झालं.

झुडपं एकदम लवली. मला वाटलं, आता. ती हलली नाही. झुडपं पुन्हा सरळ झाली.

"पहिला झोत जाऊ दिला," ती म्हणाली. "सलग येऊ दे."

पुन्हा लवली, आणि या वेळी लवलेलीच राहिली. विमानाची शेपूट उचलली गेली. गोटे उडाले. वसिलीच्या वजनानं ते जडावलेलं दिसत होतं, अर्ध्या पट्ट्यापर्यंत जमिनीलाच चिकटलेलं. मग चाकं गोट्यांवरून सुटली. हातभर, दोन हात. झुडपांच्या शेंड्यांवरून ते सरकलं, पाण्यावर आलं आणि हळूहळू चढायला लागलं.

मग रेडिओवर वसिली म्हणाला, "माझी टोपी खाली राहिली."

"मी परत जाणार नाहीये," टेकला म्हणाली, आणि ती हसत होती. मीही हसलो. डोळे पुसावे लागले, कारण समोरचं दिसेना.

गावी येऊन वसिलीला माझ्या मोठ्या विमानात आडवा घातला आणि आम्ही दोघं त्याला बेथेल शहराच्या दवाखान्यात घेऊन गेलो. पाय राहील, डॉक्टर म्हणाली, पण हिवाळाभर कुबड्या. वसिलीची बायको ओकालिना तिथेच भाचीकडे आली होती. ती धावत आली, आधी त्याला पोटभर शिव्या दिल्या, मग त्याचा हात धरून बसली. टेकलाला तिनं जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

बाहेर आल्यावर टेकला पायरीवर बसली.

"जरा बसू दे," ती म्हणाली.

"घाबरली होतीस?"

"खूप. तू?"

"मी दुपारी जेवलोसुद्धा नाही."

"मीही नाही. घरी सूप आहे ना?"

"आहे. हवं तितकं आहे."

परतीच्या वाटेवर आकाश मोकळं झालं होतं. विमान मी चालवत होतो, ती शेजारी बसली होती. दहा मिनिटांतच तिचं डोकं खिडकीला टेकलं, तोंड किंचित उघडं पडलं, लहानपणी झोपायची तशी. पुढे टेकड्यांवर हवा जरा हिंदकळती असते. मी वाट वाकडी केली, नदीवरून लांबून गेलो, आणि तिची झोप मोडणार नाही इतकं सरळ विमान धरून ठेवलं.