गॅरीला विचारलं होतं

शार्दूलचे डोळे पिवळे दिसायला लागले, तशी आईने त्याच्या जेवणातली हळद आणि तेल बंद केलं. लंडनच्या हॅरोत इतकी वर्षं काढली, पण कावीळ म्हटलं की तिला फक्त पथ्य आठवतं. मला मात्र पथ्याने भागणार नाही हे माहीत होतं. आदल्याच दिवशी स्टेशनबाहेर शार्दूलचा शाळेपासूनचा मित्र गॅरी भेटला होता.

“निधी, तुझ्या भावाला ब्लड टेस्ट करायला सांग,” तो म्हणाला. “आम्ही एकाच सुईने हेरॉइन घ्यायचो. मला गेल्या वर्षी हेपटायटिस सी निघाला. डॉक्टरने बाही वर करायला लावली, म्हणून कळलं.”

माझा भाऊ नशेची इंजेक्शनं घेतो, हे मला असं रस्त्यात कळलं.

गॅरीचे डॉक्टर तेच आमचेही. आमच्यात सत्तावीस वर्षांचा घोडा झाला तरी डॉक्टरकडे एकटा जात नाही. आई आत जाते आणि उत्तरंही तीच देते. मी हट्टाने मागोमाग गेले.

“दारू?”

“छे, आमच्या घरात कुणी शिवतसुद्धा नाही.”

“इंडियाला जाऊन आलात?”

“डिसेंबरमध्ये. पुण्याला.”

“मग तिथल्या पाण्याने झालं असेल,” डॉक्टर हसले. आईही हसली. शार्दूल बुटांकडे बघत बसला.

बोलले तर आई कोसळेल, महाराष्ट्र मंडळात तोंड दाखवणार नाही. गप्प बसले तर हा मरेल.

“तो हेरॉइन टोचून घेतो,” मी म्हणाले.

“नक्की का?” डॉक्टरांनी विचारलं. “तुमच्या लोकांत असं सहसा दिसत नाही.”

मला संताप आला. मी शार्दूलची बाही वर ओढली. त्याने हात सोडवला नाही.

डॉक्टरांनी मग त्याचं फुगलेलं पोट तपासलं. बराच वेळ दाबून पाहिलं आणि आमच्याकडे न बघता हॉस्पिटलला फोन लावला. “लिव्हर बरंच खराब झालंय,” एवढंच मला ऐकू आलं.

“गॅरीबरोबरच घेत असणार. तो बरा आहे ना गं?” आईने मला मराठीत हळूच विचारलं.

“त्यालाही लिव्हरचंच निघालं, पण गेल्या वर्षीच कळलं, आई. लगेच ट्रीटमेंट सुरू झाली.”

“गेल्या वर्षी आपणही आलो होतो की,” आई म्हणाली. “शार्दूलला थकवा यायचा म्हणून. शाकाहारी आहे म्हणून होतंय म्हणाले हे, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या.”

ती काय म्हणतेय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.