नववा गोळा

सावनी केळकर मस्कतच्या रुवी भागातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत सहा वर्षं नोकरी करत होती, पण जपानला एकदाही गेली नव्हती. तरी टूरला निघालेल्या मराठी मंडळींना ओसाका समजावून सांगायचं काम तिच्याकडेच असे. त्या शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं बसली होती.

"ओसाका म्हणजे खवय्यांचं शहर," तिनं पडद्यावर फोटो लावला. "हे ओकोनोमियाकी. कोबी घालून केलेलं जाडजूड धिरडं समजा. आणि हा काडीला टोचून तळलेला पदार्थ सॉसमध्ये एकदाच बुडवायचा. सॉसचं भांडं सगळ्यांचं असतं, उष्टं चालत नाही."

"म्हणजे आपल्यासारखंच!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

पुढचा फोटो ताकोयाकीचा. होडीच्या आकाराच्या पात्रात आठ गोळे. "आपल्या आप्प्यांसारखे, फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा. वर सुक्या माशाचे पापुद्रे. वाफेवर ते जिवंत असल्यासारखे हलतात."

तिनं पडद्याकडे पाहिलं. पापुद्रे हलत होते.

एसीच्या वाऱ्यानं पडदा हलत असेल, असं तिला वाटलं. पण फोटोतली होडी जागच्या जागी होती, मागचं दुकान स्थिर होतं. फक्त ते तपकिरी पापुद्रे आक्रसत होते, उलगडत होते. समोर कुणाच्याच ते लक्षात आलेलं दिसत नव्हतं. आणि सावनीला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"कालव्यापासून डावीकडे वळलात की एक अरुंद बोळ आहे. शेवटी सात स्टुलांचं दुकान. बाई फारसं बोलत नाही. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. लांबून आलेल्याला ती आठाच्या जागी नऊ गोळे देते. नवव्यात ऑक्टोपस नसतो, कांद्याची पात असते."

यातलं एक अक्षरही तिच्या कागदावर नव्हतं. तिनं तोंड मिटायचा प्रयत्न केला, पण जबडा ऐकेना.

तिसऱ्या रांगेतून धनंजय सामंत उठून उभे राहिले. सोहारच्या ॲल्युमिनियम कारखान्यातले इंजिनिअर, निवृत्तीला सहा महिने उरलेले. शेजारी त्यांच्या पत्नी नयनाताई.

सावनीनं थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि अतिशय प्रेमानं म्हणाली, "ओकाएरी."

सामंत कमरेत किंचित वाकले. "तादाइमा," ते पुटपुटले आणि मटकन खाली बसले.

सावनीचा जबडा मोकळा झाला. फोटोतले पापुद्रे आता निश्चल होते. आशुतोषनं, म्हणजे तिच्या मॅनेजरनं, पाणी आणून दिलं आणि पुढचं बोलणं स्वतः उरकलं.

हॉल रिकामा झाल्यावर सामंत तिच्यापाशी आले. "तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही, काका. मला जपानी येत नाही. मी काय म्हणाले?"

"आलास का घरी, असं म्हणालीस. त्यावर मी म्हणालो, आलो. तीस वर्षांपूर्वी मी ट्रेनिंगला ओसाकात होतो. त्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचो. मी शाकाहारी, म्हणून सोबतच्यांच्या आठांबरोबर माझ्यासाठी तो पातीचा नववा गोळा. निघताना मी म्हणालो, जाऊन येतो. आपण येतो म्हणतो ना, तसंच ते लोकही म्हणतात. मग इथली नोकरी, संसार... साधं पत्रसुद्धा टाकलं नाही."

त्यानंतर दर शुक्रवारी ते सोहारहून दोन-अडीच तास गाडी हाकत यायचे. तिच्यासमोर बसून ताकोयाकीचा तोच फोटो उघडायला लावायचे.

"बघ ना, अजून काही म्हणतेय का?"

सावनी फोटोकडे बघत राही. काहीच येत नसे. तिसऱ्या आठवड्यात नयनाताईंचा फोन आला. "अगं, ते रात्र रात्र जागतात. काहीतरी सांग बाई. माफ केलं म्हणते, असं सांग. कुणाला कळणार आहे?"

ते वाक्य सावनीच्या अगदी जिभेवर होतं. सांगितलं की हे सगळं खलास. शुक्रवारी सामंत समोर बसले तेव्हा ती बोलायला गेली आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या बाईच्या तोंडी आपण आपले शब्द घालायचे? ती ऐकत असली तर?

"काका, मला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "खोटं सांगणार नाही. तुम्ही तिथे जा. दाराशी उभे राहून तुम्हीच बोला."

सामंतांनी तो फोटो स्वतःच बंद केला. मग उठले आणि खाली मान घालून निघून गेले. पुन्हा आले नाहीत. पण एप्रिलमध्ये ते टूरबरोबर गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"दुकान आहे गं. मुलगी चालवते. बाई जाऊन सहा वर्षं झाली." त्यांचा आवाज शांत होता. "वरची खोली कुणाला भाड्यानं द्यायची नाही, असं मुलीला सांगून गेली होती. मी तिथे तासभर बसलो. जे बोलायचं ते बोललो."

"आणि... काही उत्तर?"

"नाही. काहीच नाही. बरं वाटलं."

फोन ठेवल्यावर सावनी आशुतोषच्या केबिनमध्ये गेली आणि जपान दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाली. त्यानं कारण विचारलं नाही. जॉर्जियाची फाईल पुढे सरकवली. तेव्हापासून ती डोंगर आणि द्राक्षमळ्यांविषयी बोलते, आणि बोलताना पडद्याकडे पाठ करून उभी राहते.