पाचवा खुंट

होळी झाली की धरणाचं पाणी उतरतं आणि मच्छीमार सोसायटीतली भांडणं वर येतात. होड्या आठ, आणि वाऱ्याला आडोसा असलेल्या वळणात खुंट पाचच. उरलेल्या तिघांनी समोरच्या उघड्या काठाला होडी बांधायची, तासभर डोंगराला वळसा घालून तिथवर चालायचं, आणि दुपारच्या वाऱ्यात ती खडकावर आपटताना बघायची.

वाटणीची रीत जुनी, कुणाला वाचता येत नव्हतं तेव्हाची. आता सगळ्यांकडे मोबाइल आले, पण टोपली राहिली. प्रत्येकाने आपली एक खूण तीत टाकायची, वर पंचा झाकायचा, आणि त्यांच्यातल्याच अनंताने आत हात घालून एकेक करून खुंटांसाठी पाच खुणा काढायच्या. हाताला पहिली लागेल ती. वीस वर्षांत त्याने कधी चाचपलं नव्हतं. एकदा तर सख्ख्या भावाला उघड्या काठावर धाडलं, तेव्हा भावजय चार महिने त्याच्याशी बोलत नव्हती.

यंदा मात्र त्याच्या मनात पाप होतं. त्याचा जोडीदार भगीरथ श्रावणात गेला. भगीरथची होडी आता त्याची बायको जना वल्हवायची. होडीची तळाची फळी कुजत आलेली. उघड्या काठावर ती होडी पंधरा दिवस टिकली नसती, आणि नवी आणणार कुठून? भगीरथची खूण ठरलेली होती, म्हशाच्या जत्रेत घेतलेली पितळेची चुन्याची डबी. ती अनंताला डोळे मिटूनही ओळखू आली असती.

चार खुणा निघाल्या. त्यात जनाची नव्हती. पाचव्यांदा हात घातला तो अनंता सरळ शोधूच लागला. त्याचं स्वतःचं जाळ्याचं शिसं लागलं, ते त्याने बाजूला सारलं. डबी काही लागेना.

"मासा धरतोस काय रे?" जमलेल्यांतला रंगू ओरडला. सगळे हसले.

अनंताने हात बाहेर काढला. जनाने खूण टाकलीच नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने टोपली चांगली हलवली, पुन्हा हात घातला, आणि पहिलं लागलं ते उचललं. जाळं विणायची बांबूची सुई.

"कोनाची ही?"

"माझी," जना पुढे येत म्हणाली.

नंतर ती खुंटाला दोर बांधत होती, तेव्हा अनंता जवळ जाऊन उभा राहिला.

"डबी शोधत होतात ना, भावजी?"

"हो, वैनी. चुकलो."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि डबी त्याच्या हातावर ठेवली.

"होडी मी वल्हवते, जाळं मी विणते. नसता निघाला नंबर, तर मी हरले असते. ह्यांना कशाला हरवू?"

अनंताने डबी उघडली. आतला चुना केव्हाच सुकला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.