दोन गुणांची चंद्रकोर

"थांब वो. थे पुन्हा वाच."

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई देवकाबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बोटांत धरलेली शेंग तशीच राहिली होती. मला वाटलं, ओळ आवडली त्यांना. रविवारी पांढुर्ण्याला यशवंतरावांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता आणि त्यांच्या 'चंद्रकोर' या कथेचा आशय आणि तिच्यातले अलंकार यांवर दहा मिनिटं बोलायला मला बोलावलं होतं. त्याचीच तालीम मी घरात करत होते. घसा साफ करून, अगदी ठसक्यात, मी पुन्हा वाचलं:

"'पत्र्याच्या भोकांतून आलेलं ऊन तिच्या ओल्या पाठीवर शेवंतीच्या पाकळ्यांसारखं सांडलं होतं, आणि कमरेच्या जरा वर, डाव्या अंगाला, एक चंद्रकोर उगवली होती.'"

"पत्रा कायचा लिवला?"

"तेलाच्या पिप्यांचा. पिपे कापून केलेली न्हाणी असते ती."

"हव," आत्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यानंच कापले होते पिपे. खिळ्यांचे भोकं राहून गेले होते त्याले. ज्या अंगानं भोकं होते, त्याच अंगानं मास्तरची खोली होती."

मास्तर म्हणजे यशवंतराव. चाळीस वर्षांपूर्वी नवी नोकरी लागून सौंसरला आले तेव्हा दोन वर्षं ते आमच्याच घरी भाड्यानं राहिले होते. जेवणही आत्यांच्याच हातचं. सासऱ्यांना भाऊ म्हणायचे, आत्यांना वहिनी. पुढं पांढुर्ण्याला घर बांधलं, पुस्तकं निघाली, नाव झालं. आत्यांनी कन्या शाळेत एकोणतीस वर्षं पाणी भरलं, घंटा वाजवली, वर्ग झाडले. वाचता मात्र एक अक्षर येत नाही. तरी दर हिवाळ्यात पांढुर्ण्याला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती मास्तरांसाठी संत्र्यांची थैली जायची, आणि आल्यागेल्याला सांगणं व्हायचं, "आपल्या घरचे मास्तर पुस्तकवाले झाले."

त्या उठल्या. दाराची कडी लावली, माझ्याकडे पाठ केली आणि चोळी वर सारली.

कमरेच्या जरा वर, डाव्या अंगाला, बोटभर लांबीचा वाकडा, चकचकीत डाग होता. लग्न होऊन मला सोळा वर्षं झाली, मी तो कधी पाहिला नव्हता. पाहायचं कारणच काय?

"आठ वर्साची होती मी. पोट फुगलं होतं, उतरत नव्हतं. मायनं इळा लाल करून डागलं. चार जनींनी धरलं होतं मले." चोळी खाली ओढत त्या म्हणाल्या, "मायले मालूम होतं अन् तुह्या सासऱ्याले. दोघंबी गेले."

तिसऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. परत येऊन बसल्या आणि सोललेले दाणे परातीत उगाच इकडून तिकडं सारत राहिल्या.

त्या माणसाची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझी आली. कारण ही कथा आमच्या कॉलेजात बी.ए.ला नेमलेली आहे आणि मी, तिथली मराठीची अतिथी विद्वान, म्हणजे कंत्राटी प्राध्यापिका, चार वर्षं ती शिकवते आहे. पोरींना लिहून दिलंय मी: 'चंद्रकोर हे अपूर्ण राहिलेल्या स्त्रीमनाचे प्रतीक आहे. गुण दोन.' शेवंतीच्या पाकळ्यांना उपमा म्हणून एक गुण वेगळा. मागच्या वर्षी उर्वशी नावाच्या पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, नवरा त वावरात हाय, घरी कोनीच नाई. मंग हे पाहून कोन राहिलं?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, लेखकाला कल्पनेचे डोळे असतात, बस खाली. बसली बिचारी. अक्कल तिला होती, पदवी मला.

"मी नाही जात रविवारी," मी म्हटलं. "पोट दुखतं म्हणून कळवते."

"जाजो. मीबी येते."

"तुम्ही कशाला, आत्या? त्याचं तोंड पाहायला?"

"मास्तरले मालूम पडलं पायजे का मले मालूम पडलं. बाकी मले काई नाई पायजे." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "पन माह्यं नाव निघालं नाई पायजे, अपर्णा. मंगेशले त बिलकुल सांगू नोको. तो डोकं फोडन त्याचं, अन् मंग साऱ्या गावाले मालूम पडन का काहून फोडलं."

मंगेश माझा नवरा. आत्यांना तो चांगला ठाऊक होता.

तीन दिवस मी त्या एका ओळीशी झटत होते. ज्याला कळायचं त्याला कळावं आणि हॉलमध्ये बसलेल्या बाकी कोणाला कळू नये, असं बोलायचं कसं? अलंकार शिकवण्यात आयुष्य गेलं, पण एक खरी गोष्ट झाकून सांगायची वेळ आली तेव्हा घाम फुटला.

रविवारी दारातच यशवंतराव भेटले. गोरे, गुबगुबीत, कपाळाला गंध. "अरे वा, वहिनी! तुमी कायले तरास घेतला? संत्री आनली का नाई?" असं म्हणून हसले. आत्यांनी फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

माझ्याआधी प्राध्यापक वीरेंद्र बोलले. त्यांना त्या चंद्रकोरीत धरणीमाता दिसली, दडपलेली वासना दिसली, शिवाय उपेक्षित ग्रामीण भारतही दिसला. एका बाईच्या कमरेवर एवढं सगळं मावतं, हे मला नवीनच होतं. पहिल्या रांगेतल्या बायका माना डोलावत होत्या. आत्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. आपल्या अंगाविषयी परका माणूस माईकवर बोलतोय आणि लोक टाळ्या वाजवताहेत, हे त्यांनी कसं सोसलं असेल, देव जाणे. मला तर उठून त्या माईकची वायर ओढावीशी वाटली.

मग माझं नाव पुकारलं. मी लिहून आणलेले कागद उघडलेच नाहीत.

"माझी एकच अडचण आहे," मी म्हटलं. "उपमा कोणाला तरी सुचते. म्हणजे पाहणारा कोणीतरी लागतो. या कथेत त्या सकाळी नवरा वावरात आहे. सासू नाही, मूलबाळ नाही. दाराला आतून कडी आहे, तसं सरांनीच लिहिलंय. मग त्या बाईची पाठ पाहतंय कोण? माझ्या एका विद्यार्थिनीनं हे विचारलं होतं. मी तिला खाली बसवलं. आज सर समोर आहेत, म्हणून त्यांनाच विचारते."

हॉलमध्ये बरं वाटल्याची कुजबुज झाली. लोकांना वाटलं, चर्चा रंगणार. यशवंतरावांनी खुर्चीतूनच दुसरा माईक घेतला. अशा प्रश्नांची त्यांना सवय असावी.

"फार सुंदर प्रश्न," ते म्हणाले. "बाई, लेखकाला भिंतीपलीकडचंही दिसावं लागतं. नाही तर तो लेखक कसला?"

टाळ्या पडल्या. प्राध्यापक वीरेंद्रांनी तर 'वा' म्हणून मांडीवर थाप मारली. टाळ्या मी पुरत्या थांबू दिल्या.

"भिंत नव्हती, सर," मी म्हटलं. "पत्रा होता."

मागं कोणीतरी हसलं. त्यांना ती कोटी वाटली असेल. यशवंतराव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच तिसऱ्या रांगेकडे. आत्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. माईक त्यांनी टेबलावर ठेवला तो आडवा पडला आणि केवढ्यांदा तरी वाजला. मग सत्काराची नवी शाल त्यांनी पुढून ओढून घेतली, गळ्यापर्यंत.

झालं. एवढ्याचसाठी आलो होतो आम्ही. मी नमस्कार करून खाली उतरले.

आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. आता वळून दाराकडे चालू लागतील असं मला वाटलं, पण त्या वळल्या नाहीत. तोंड मंचाकडे, नजर त्या माणसावर, दोन्ही हातांनी पदर पाठीशी घट्ट आवळलेला, आणि त्या एकेक पाऊल मागं टाकत निघाल्या. आपली पाठ त्याच्या डोळ्यांसमोर त्या पुन्हा येऊ देणार नव्हत्या. पासष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे, आणि दारापर्यंत खुर्च्यांच्या वीस रांगा.

सूत्रसंचालन करणाऱ्या भैय्याजींचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यांनी माईक तोंडाशी ओढला.

"पाहा, पाहा मंडळी! जामसांवलीच्या मारुतीसमोरून आपण असंच निघतो ना, देवाले पाठ न दाखवता? यशवंतरावजी, याच्याहून मोठा सत्कार कोनता?"

सगळा हॉल मागं वळला आणि टाळ्या वाजवू लागला. काही लोक उभे राहिले. प्राध्यापक वीरेंद्रांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. यशवंतराव शाल धरून खाली पाहत होते.

मी धावत जाऊन मागून आत्यांचा कोपर धरला. त्यांची नजर मंचावरून हलली नव्हती.

"मांगं पायरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"एकच आहे," मी म्हटलं. "या. मी धरलंय."