हिचं कोणी नाही

मी इस्त्रीवाली. दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या चुण्या काढते, मग माझ्या लेकीच्या फ्रॉकवर एक चुणी राहील होय? रविवारच्या शिकवणीलासुद्धा बिट्टी दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी अशी नटून जायची. शिकवणी फुकट. चालवणाऱ्या बाई मोठ्या घरच्या, वस्तीत सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणायचे. मीही म्हणायचे, जळो माझं तोंड!

मग बसथांब्यावर पोस्टर लागलं. त्यावर माझी बिट्टी. केस पिंजारलेले, गालाला चिखल, पाय अनवाणी. खाली लिहिलेलं, 'हिचं कोणी नाही. तुम्ही व्हाल?'

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ताईंनीच वेण्या सोडल्या," बिट्टी मुसमुसत म्हणाली. "चपला काढायला लावल्या. मी हसले तर म्हणाल्या, हसू नको, फोटो वाया जातो." शाळेत पोरं तिला 'अनाथ, अनाथ' म्हणून चिडवायला लागली. पोरीनं शाळेत जायचंच सोडलं. एकदा मला विचारते कशी, "आई, तू माझी कोणी नाहीस का गं?"

मी ताईंकडे गेले. पोस्टर काढा म्हणून अक्षरशः हात जोडले.

"अहो, चांगल्या कामासाठीच ना! मन मोठं करा थोडं," त्या म्हणाल्या. वर आपली रेशमी साडी माझ्याच हातात ठेवली. रविवारी देणगीदार पाहुणे येणार होते, कडक इस्त्री हवी होती.

साडी जाळावी असं कितीदा तरी मनात आलं. पण साडीनं माझं काय घोडं मारलं होतं? झकास इस्त्री करून दिली.

रविवारी हॉल भरला. पुढे पोरं, मागे आम्ही आया. पाहुण्यांच्या मधोमध ताई उभ्या राहिल्या, फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, आणि मी तडक स्टेजवर चढले.

"थांबा ताई, अशा नका दिसू." त्यांच्या अंबाड्याचे आकडे उपसले. केस पिंजारले. कुंडीतली ओली माती घेतली आणि गालाला फासली.

"अहो, हे काय करताय!"

"चांगल्या कामासाठीच ना! मन मोठं करा थोडं." मग पाहुण्यांकडे वळले. "बसथांब्यावरची ती पोरगी माझी आहे. मी तिची सख्खी आई, चांगली धडधाकट. आणि ताई, पोस्टर आज उतरलं नाही ना, तर उद्या त्याच्या शेजारी तुमचा हा फोटो लागेल!"

मी मोबाइल काढला. खरं सांगते, काळजात गार वाटत होतं. ताई पाहुण्यांकडे बघून, ही सगळी गंमतच आहे असं दाखवत, कसनुसं हसायला लागल्या.

पुढच्या रांगेत लाल रिबिनी उभ्या राहिल्या. बिट्टी खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, हसू नका ना! फोटो वाया जातो."