हायवेचे सहाशे मीटर

मी स्वभावानेच धास्तावलेला माणूस आहे. मॉन्ट्रियलमध्ये विमानांच्या चाकांचे सुटे भाग तपासायची नोकरी करतो, आणि ज्या वस्तूत चूक सापडत नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. माझी बायको यामिनी म्हणते, हा लग्नाच्या पंगतीतही जिलबी उलटून बघतो. म्हणूनच आमच्या मराठी सायकलवाल्यांच्या टोळक्यात रस्ते शोधायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. शहरापासून तासाभरावर, डनहमच्या आसपास द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे. तिथे मळ्यांच्या मधून असे आडरस्ते जातात, की अर्ध्या तासात एखादी गाडी भेटली तर भेटली. ते जोडून मी बेचाळीस किलोमीटरची वाट आखली होती. तिच्यात एकच खोट होती. दोन आडरस्त्यांच्या मधे सहाशे मीटर हायवे लागायचा.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच हायवेवर एका पिकअपने प्रतापला उडवलं.

आम्ही चौघं होतो आणि प्रताप सगळ्यात मागे होता. हायवे संपवून पुढच्या आडरस्त्यावर आम्ही त्याची वीस मिनिटं वाट पाहिली, मग मी परत फिरलो. तो हायवेच्या पलीकडच्या चारीत पडलेला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घालावी लागली. पिकअप चालवणारा म्हातारा शेजारी बसून रडत होता, आणि मी त्याला फ्रेंच, इंग्लिश, मराठी अशा तिन्ही भाषांत शिव्या घातल्या. हॉस्पिटलात प्रतापची बायको उल्का मला म्हणाली, "तुमच्या रस्त्याने गेला होता तो." त्याआधीची बारा वर्षं ती मला अरेतुरे करायची.

त्यानंतर माझी झोपच उडाली. आखायचा मी, पडायचा दुसरा, हे काही डोक्यातून जाईना. सगळा हिवाळा मी नकाशा उघडून ते सहाशे मीटर चुकवायची वाट शोधत बसलो. बाहेर बर्फ, यामिनी शोव्हल करायला हाका मारतेय, आणि मी आपला स्क्रीनवर. शेवटी सापडली. दोन्ही आडरस्त्यांच्या मधे एकच मोठा मळा होता, आणि त्यातून ट्रॅक्टरची वाट जात होती. मी मालकिणीला फ्रेंचमध्ये मेल लिहिला, तो सात वेळा खोडला. तिचं एका ओळीचं उत्तर आलं. खुशाल जा, फाटक लावून घ्या.

म्हणून या सप्टेंबरमध्ये प्रताप जेव्हा म्हणाला, "स्वानंद, तोच रूट पुन्हा करायचाय, फक्त आपण दोघं," तेव्हा मला रडूच आलं. मला वाटलं, याने मला माफ केलं. उल्का कशीबशी तयार झाली. ती आणि त्यांची नऊ वर्षांची ऊर्मी शेवटच्या मळ्यात, जेवायच्या बाकांपाशी थांबणार होत्या. प्रतापला तिच्यासमोर धडधाकट उभा करायचा, एवढंच मला हवं होतं.

सकाळी निघताना मी त्याच्या हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

"अरे, काय लग्नाला निघालोय का?" तो म्हणाला.

"गप्प बस. आणि ब्रेक दाबून दाखव."

रस्ता फार सुरेख होता, असं म्हणतात. मला तो दिसलाच नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांवर पांढऱ्या जाळ्या घातल्या होत्या, उतारांवर कुठे कुठे मेपलला लाली चढली होती, आणि मी फक्त प्रतापच्या उजव्या मांडीकडे बघत होतो. लांबवर ट्रॅक्टर घुरघुरला तरी माझे हात हँडलवर घट्ट व्हायचे. पाखरं हाकलायला मळ्यांत गॅसची तोफ ठेवतात, ती दर काही मिनिटांनी धडाम करायची, आणि दर वेळी मी ब्रेक दाबायचो. प्रताप मात्र गप्प होता. एरवी हा चढावरही विनोद सांगणारा माणूस. पाय दुखतोय का, असं मी नऊ-दहा वेळा तरी विचारलं असेल. तो नुसती मान हलवायचा.

एकतिसाव्या किलोमीटरला मळ्याचं फाटक आलं. मी ते उघडलं, त्याला आत घेतलं, फाटक नीट लावलं आणि मोठ्या दिमाखात म्हणालो, "बघ. आता हायवे नाही. एक मीटरसुद्धा नाही."

प्रताप सायकलवरून उतरला. वेलींच्या पलीकडे हायवे दिसत होता आणि त्यापलीकडे पेट्रोल पंप, त्याला लागून डेपनर, म्हणजे दूध-ब्रेड-सिगारेटचं छोटं दुकान. तो तिकडेच बघत होता.

"एवढी खटपट तू त्या सहाशे मीटरसाठी केलीस?"

"मग कशासाठी?"

"ते मी नीट पार केले होते रे," तो म्हणाला. "तुमच्या मागोमाग. पुढच्या रस्त्याला लागलोसुद्धा होतो. मग मी परत फिरलो."

"का?"

"त्या डेपनरमध्ये. सिगारेट घ्यायला. परत येताना घाई झाली, तुम्ही शोधाल म्हणून. न बघता हायवे क्रॉस केला. त्या म्हाताऱ्याची चूक नव्हती. तुझी तर नव्हतीच."

चारी पलीकडची होती. पंपाच्या बाजूची. गाडीने उडवलं म्हणून पलीकडे पडला असेल, असं सगळ्यांनी धरलं, आणि अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी पार्ट परत पाठवणाऱ्या मलाही कधी शंका आली नाही. मला इतका राग आला की त्याला सायकलसकट वेलींत ढकलून द्यावंसं वाटलं.

"वर्षभर!" मी ओरडलो. "वर्षभर मी झोपलो नाही, प्रताप! यामिनी मला काउन्सेलरकडे पाठवायला निघाली होती. उल्का माझ्याशी परक्यासारखी वागते. आणि तू सिगारेटसाठी गप्प बसलास? बायकोला घाबरून?"

"बायकोला नाही."

तोफ धडाडली. आम्ही दोघेही दचकलो.

"माझे बाबा लंग कॅन्सरने गेले ना, तेव्हा उल्काने मला शपथ घ्यायला लावली," तो म्हणाला. "ऊर्मीच्या डोक्यावर हात ठेवून. पुन्हा सिगारेटला शिवणार नाही म्हणून. आठ महिन्यांत मोडली. मला माहितेय हे बोगस आहे. मी इन्शुरन्स कंपनीत स्टॅटिस्टिक्स करतो, मला कळतं. पण चारीत पडलो होतो तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, माझ्यावर आलं. तिच्यावर नाही आलं. आणि मग वाटायला लागलं, एवढ्याने फिटलं असेल का? ती खोकली की मी घड्याळ लावून मोजतो. स्कूलबसला दोन मिनिटं उशीर झाला की मला वॉशरूममध्ये जाऊन बसावं लागतं. उल्काला सांगितलं तर तीही असंच जगेल. म्हणून नाही सांगितलं."

मला त्याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. रागही गेला नाही.

"आज सांग तिला," मी म्हणालो. "नाहीतर मी सांगतो."

"तू सांग. तुझा हक्क आहे," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

पुढचे अकरा किलोमीटर मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सांगितलं तर मी सुटणार होतो. उल्का मला पुन्हा अरेतुरे करणार होती, मी रात्री झोपणार होतो. आणि त्यांच्या घरात एकाऐवजी दोन माणसं त्या पोरीचा खोकला मोजत बसणार होती. न सांगितलं तर ते सहाशे मीटर जन्मभर माझ्या बोकांडी. एका वळणावर दूधवाल्याचा टँकर आला आणि अगदी जवळून गेला, तेव्हा मला कळलं की कितीतरी वेळ मी प्रतापकडे बघितलंच नव्हतं.

उल्का बाकापाशी उभीच होती. डबे उघडलेले होते, पण कुणी काही खाल्लेलं दिसत नव्हतं. तिने प्रतापला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याच्या मांडीला हात लावून पाहिला, आणि मग माझ्याकडे वळली.

"हायवेवरून आणलंत?"

"नाही. एक मीटरही नाही."

"मागच्या वेळीही तुम्ही सेफ आहे म्हणाला होतात." ती जवळ आली. "मला असं नुसतं चालणार नाही. ऊर्मीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

ऊर्मी नाव ऐकून धावत आली. एका हातात द्राक्षं, ओठ जांभळे झालेले. "व्हॉट डू आय हॅव टू डू?" तिने विचारलं.

"काही नाही, उभी राहा," उल्का म्हणाली.

आजची शपथ खरी होती. मला घ्यायला काहीच हरकत नव्हती. मी हात उचललासुद्धा. पण उल्काचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी तुमच्याच रस्त्यावर झालं ना? मग तोच हात ठेवून मी काय सांगणार होतो? माझा हात त्या पोरीच्या केसांपासून वीतभर वर अडकून राहिला. खरं सांगतो, लँडिंग गिअरवर सही करताना मला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

प्रतापने माझं मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला. "तिच्या डोक्यावर नको. तिथे आधीच माझी एक आहे. मोडलेली."

उल्काला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. डेपनर, सिगारेट, न बघता ओलांडलेला रस्ता, रडणारा म्हातारा. ऊर्मीसमोरच सांगितलं, एकदाही न थांबता. स्वानंदचा रस्ता नीट होता, असं तो तीनदा म्हणाला. वर्षभर हेच वाक्य ऐकायला मी आसुसलो होतो.

मला वाटलं उल्का ओरडेल. निदान माझ्याकडे बघेल. ती लॅबमध्ये काम करते, रोज शेकडो लोकांचं रक्त तपासते, अंगारे-धुपारे करणाऱ्या आपल्या सासूची नेहमी चेष्टा करायची. तिने खाली वाकून ऊर्मीला जवळ ओढलं, हातातली द्राक्षं काढून टाकली, आणि तिच्या कपाळाला तळवा लावला. मग गळ्याला. मग पुन्हा कपाळाला.

"आई, आय ॲम फाइन," ऊर्मी म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडेच बघत होतो, आणि तेवढ्यात तिला ठसका लागला.